मांजरसुंब्याचं तिसरं इंजिन

मांजरसुंब्याला माणसं चहाला उतरतात, जेवायला उतरतात, नाहीतर केजची गाडी धरायला उतरतात. मी विमान पाहायला उतरले. कंडक्टरला तसं सांगितल्यावर त्याने माझ्या पिकल्या केसांकडे एकदा बघितलं आणि म्हणाला, "उतरा, पर जपून. खाली चिखल हाय." विमानाबद्दल त्याने काही मत दिलं नाही.

आधीच सांगते, मी विमानातली कुणी नव्हे. पुण्याच्या एका आयटीआयमध्ये मी शीट मेटल शिकवायची. पत्रा कसा कापावा, कसा दुमडावा, सांधा कसा मारावा, यात माझा जन्म गेला. वळणाचा नळ शिकवायचा दिवस आला की मी फळ्यावर ट्रायस्टार नावाच्या जुन्या विमानाचं शेपूट काढायची. रुंद पोटाचं, तीन इंजिनांचं विमान. दोन इंजिनं पंखांखाली, तिसरं शेपटात. त्या तिसऱ्याला हवा पोचवायला वर छपरावर एक मोठं गोल तोंड आणि त्या तोंडापासून इंग्रजी एससारखा वळत खाली उतरणारा धातूचा नळ. त्याला एस-डक्ट म्हणतात. माणसाने पत्र्याला याहून देखणं वळण दिलेलं नाही, असं मी दरवर्षी सांगायची आणि पोरं दरवर्षी एकमेकांना कोपरखळ्या मारायची. माझ्या पाठीमागे ती मला 'एस-डक्ट मॅडम' म्हणायची, हेही मला ठाऊक होतं. जन्मभर फळ्यावर काढलेल्या त्या वळणाला मी हात मात्र कधी लावला नव्हता.

त्यातलाच एक पोरगा वैजनाथ. आता चाळिशी ओलांडलेला, पोट सुटलेला, परळीत फॅब्रिकेशनचं दुकान असलेला. श्रावणात एका सकाळी त्याचा फोन आला. "मॅडम, तुमचं ते फळ्यावरलं इमान घावलं! मांजरसुंब्याला एका ढाब्यावर हाय. अन् त्याचं शेपूट कापायचं काम मलाच आलंय. मंगळवारी कापायचंय. बगायचं आसंल तर त्याच्या आदी या."

"अरे, पण कापायचं का?"

"धूर," तो म्हणाला आणि लाइन गेली.

एवढ्या एका शब्दावर मी पिशवी भरली.

रविवार, मांजरसुंबा

हमरस्त्यापासून जरा आत, माळाच्या उंचवट्यावर ते उभं होतं. उभं म्हणजे अर्धं. पंखांच्या मागचा भाग आणि शेपूट, एवढंच. पुढच्या बाजूला नाकाच्या जागी सिमेंटची भिंत आणि तिच्यात दुकानाला असतं तसं शटर. भोवती श्रावणाचं हिरवं गवत, मागे डोंगराच्या कडेवर पवनचक्क्या सावकाश फिरताहेत. आणि शेपटाच्या मुळाशी, छपराच्या वर, ते गोल तोंड! मी रस्त्यातच थांबले. एक ट्रकवाला हॉर्न वाजवून कंटाळला आणि मला वळसा घालून गेला.

ढाब्याचे मालक शिवलिंगअप्पा. केजला त्यांची आडत. पांढरंशुभ्र धोतर, गळ्यात लिंग, कपाळाला विभूती. मी नमस्कार केला, त्यांनी "शरणार्थ" म्हणून हात जोडले आणि माझं नाव विचारायच्या आधी पाण्याचा तांब्या पुढे केला. आमच्याकडे पाहुण्याची आधी चौकशी होते, मग चहा ठरतो. इथे पाणी, मग जेवण, मग कुठून आलात.

कुठल्याशा विमानतळाच्या कोपऱ्यात बेवारस पडलेलं हे विमान तुकडे करून लिलावात निघालं, तेव्हा अप्पांनी मागचा तुकडा उचलला. "डोकं घेणारे लई व्हते," ते म्हणाले. "मला शेपूटच पायजे व्हतं. कावून म्हनाल, तर हे बगा." त्यांनी खिशातून बेलाचं पान काढलं. दोन पानं बाजूला, एक मधे, जरा उंच. "दोन इंजनं पंखाखाली, एक मधे. म्हादेवाला वाहिलेलं इमान हाय हे." ढाब्याच्या पाटीवर लिहिलेलं होतं: त्रिदळ विमान ढाबा, चुलीवरची भाकरी.

आत शिरले. रुंद म्हणजे किती रुंद, हे पाहिल्याशिवाय कळायचं नाही. एका ओळीत तीन ठिकाणी खुर्च्या, मधून दोन वाटा, आणि तरीही वाढपी एकमेकांना न धडकता जात होते. खुर्च्यांना जोडलेल्या लहान टेबलांवर पिठलं, ठेचा, शेंगदाण्याची चटणी. डोक्यावरच्या सामानाच्या कप्प्यांत ताटं आणि कांद्याच्या जाळ्या. एक आजोबा खिडकीशी बसून भाकरी कुस्करत होते आणि दर दोन घासांनी बाहेर बघत होते, गाव आलं की काय म्हणून. सगळं बघून मला हसू येत होतं आणि डोळे झोंबत होते. डोळे भावनेने झोंबताहेत असं मला वाटलं. मग शेजारचा माणूस खोकला, त्याच्या शेजारचा खोकला, आणि कळलं की हा धूर आहे.

स्वयंपाकघर शेपटात. पदर तोंडावर धरून एक बाई तिथून बाहेर आल्या. डोळे लालबुंद, पापण्या सुजलेल्या. अप्पांच्या पत्नी, महादेवीकाकू. मी त्यांच्याआडून आत डोकावायला गेले तशी त्यांनी माझा हात धरला.

"ताई, तुमी इमान बगायला आल्या. आदी मला बगा."

मी बघितलं आणि मला माझी लाज वाटली.

प्रकार असा होता. चुलीपुढे बसणाऱ्या बाईचं तोंड पूर्वेला हवं, हा अप्पांच्या घरचा नेम. म्हणून विमान बसवतानाच शेपूट पूर्वेला केलं आणि पुढची बाजू पश्चिमेला. शेपटाच्या टोकाला जिथे पूर्वी इंजिन होतं तिथे मोठं भोक होतं, ते विटांनी बुजवलं आणि त्या भिंतीशी चूल मांडली. वरचा नळ आयताच मिळाला. परळीच्या वीजकेंद्राची धुराडी पाहत वाढलेली ही माणसं. छपरावरचं गोल तोंड पाहून सगळ्यांनी एकमुखाने ठरवलं की हे विमानाचं धुराडं. वैजनाथही त्याला धुराडंच म्हणत होता. फळ्यावरचं सगळं तो परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी विसरला असणार.

गंमत अशी की माघात ढाबा सुरू झाला तेव्हा धूर सुरेख वर जात होता. आषाढ लागला आणि धूर खाली यायला लागला. "घरटं आसंल म्हनून बांबू घालून बगितला," अप्पा सांगत होते. "काय बी न्हाई. नजर लागली म्हनून लिंबू-मिरची बांधली. तरी धूर हायच."

"अंबाजोगाईच्या डॉक्टरनं सांगितलंय," काकू म्हणाल्या, "ह्या धुरात बसायचं न्हाई, डोळं जातील. मी ह्यास्नी सांगितलंय. शेपूट ऱ्हाईल न्हाईतर मी ऱ्हाईन."

चूल बंद करावी तर पाटीवरची भाकरी जाते, आणि भाकरी गेली तर त्या माळावर कुणी थांबायचं कारण उरत नाही. म्हणून शेपूट कापून तिथे मोकळी शेड घालायची असं ठरलं होतं. अप्पांचा चेहरा ते सांगताना उतरला होता. घरचा बैल बाजारात न्यायच्या आदल्या दिवशीचा तो चेहरा.

संध्याकाळी गर्दी ओसरल्यावर मी खिडकीशी बसले. त्या वेळचं मला अजून आठवतं, आणि खरं सांगायचं तर ते मी जागेपणी पाहिलं की डुलकीत, याची खात्री नाही. पश्चिमेकडून माळावर वारा सुटला होता. गवत एकसारखं मागे लवत होतं, ढगांच्या सावल्या खिडकीखालून मागे सरकत होत्या. सगळा माळ पूर्वेकडे वाहत होता आणि आम्ही पश्चिमेला निघालो होतो. खाली डोंगर, पवनचक्क्या, मेंढरांचा पांढरा ठिपका. वरून कुठूनतरी बारीक घुमणारा आवाज येत होता, रिकाम्या घागरीत फुंकर घातल्यावर येतो तसा. मी डोळे मिटले. असं वाटलं की हे शेपूट अजून कुठेतरी पोचायचं राहिलंय, आणि परवा ते कापणार.

सोमवार, युसूफ वडगाव

श्रावणी सोमवार. अप्पा दर सोमवारी परळीला वैद्यनाथाच्या दर्शनाला जातात. येताना वैजनाथला आणि त्याच्या गॅस कटरला घेऊन यायचं होतं. मी म्हटलं, मीही येते. मनात होतं ते वेगळंच. परळी येईपर्यंत अप्पांचं मन वळवायचं.

जीप अप्पाच चालवतात, तीही शेताच्या बांधावरून चालल्यासारखी, एका बाजूला कलून. नेकनूर गेलं, केज गेलं. युसूफ वडगावला बॉनेटमधून वाफ यायला लागली. "तापली बिचारी," म्हणून अप्पांनी ती एका हॉटेलापुढे उभी केली आणि रेडिएटर थंड होईपर्यंत आम्ही बाकड्यावर बसलो. आसपास बाजाराला आलेली माणसं. समोर सुशीला आली. पुण्याच्या माणसाला हे नाव ऐकून प्लेटमधून कुणी बाई उठून येईल असं वाटतं, पण ती भिजवलेल्या मुरमुऱ्यांची फोडणी दिलेली, डाळ्याचं कूट घातलेली, लिंबू पिळलेली अशी काही झकास असते की मी दुसरी मागवली.

अप्पांनी माझी ओळख करून दिली, "ह्या इमानाच्या मॅडम." झालं. फेटेवाले एक म्हातारे लगेच सरकून जवळ बसले. "बाई, दोन इंजनात उडतंय म्हनत्यात इमान. मग तिसरं कावून?"

जन्मभरात माझ्या एकाही विद्यार्थ्याने हा प्रश्न विचारला नव्हता. मी चमचा खाली ठेवला.

मी सांगितलं, की त्या काळी मोठ्या विमानांना चार इंजिनं असायची. ती फार खात. दोन लावावीत तर नेम असा होता की दोन इंजिनांच्या विमानाने विमानतळापासून तासाभराच्या वाटेपेक्षा लांब जायचं नाही. एक बंद पडलं तर उरलेल्या एकावर तासाभरात कुठेतरी टेकता आलं पाहिजे. मग समुद्र कसा ओलांडणार? म्हणून तीन. चाराहून कमी खर्च, दोनाहून जास्त धीर.

"दोन बैलं अन् एक जोडीला," म्हातारे म्हणाले.

"तसंच. पण पंख दोनच. तिसरं ठेवायचं कुठे? मधे, शेपटात." दोन कारखान्यांनी एकाच वेळी हा घाट घातला. डीसी-टेनवाल्यांनी इंजिन वर, शेपटाच्या उभ्या पात्यातच सरळ घातलं. हवा सरळ आत, सरळ बाहेर. सोपं काम, लवकर झालं. ट्रायस्टारवाल्यांनी इंजिन खाली शेपटाच्या टोकाला ठेवलं आणि हवा वरून वळवून आणली. अवघड, पण देखणं. इंजिनही खाली, हाताशी. फक्त त्या वळणामागची जागा एका ठरावीक आखूड इंजिनाच्या मापाची होती, आणि ते इंजिन बनवणाऱ्यांचंच दिवाळं वाजलं. दुसरं इंजिन तिथे बसेना. विमान तयार, इंजिन नाही. नवरदेव मांडवात आणि नवरीची गाडी घाटात, अशी गत झाली. तोवर पहिल्याने गिऱ्हाईक पळवलं.

"अन् पुढं?" अप्पांनी विचारलं. त्यांचं लक्ष आता वाफेकडे नव्हतं.

"पुढे दोघेही बुडाले. एका गल्लीत दोन किराणा दुकानं, गिऱ्हाईक एकालाच पुरेल एवढं. घाईत केलेल्या डीसी-टेनच्या मालाच्या दाराची कडी नीट बसत नव्हती, त्यात माणसं गेली, आणि ते नाव पुन्हा कधी पुरतं धुऊन निघालं नाही. ट्रायस्टारमध्ये तर इतकं काही होतं. काही विमानांत स्वयंपाकघर तळघरात असायचं आणि जेवणाच्या गाड्या लिफ्टने वर यायच्या. पण ते विकलं गेलं थोडंच."

"तळघरात सैपाक," अप्पा म्हणाले. "धूर न्हाई?"

"चूल नव्हती, अप्पा."

सगळे हसले. मग म्हाताऱ्यांनी शेवटचं विचारलं, आता तीन इंजिनांची विमानं कुठे गेली? मी म्हटलं, इंजिनं सुधारली. दोन इंजिनं बंद न पडता वर्षानुवर्षं चालतात असा भरवसा आला आणि तासाचा नेम सैल झाला. तीन इंजिनांचं शेवटचं मोठं विमान आलं, लांबलचक, पण थोड्याच काळात त्यातून माणसं उतरली आणि पेट्या चढल्या.

म्हाताऱ्यांनी फेटा सारखा केला. "म्हंजी भरवसा आला, अन् तिसऱ्याची गरज सरली."

घरातल्या कितीतरी माणसांचं असंच होतं.

परळी वैजनाथ

परळीत शिरतानाच रस्ता राखाडी होतो. कोळशाची राख वाहणाऱ्या गाड्या, झाडांच्या पानांवर राख, दुकानांच्या पाट्यांवर राख. मी पांढरी साडी नेसण्याचा शहाणपणा केला होता. दर्शनाची रांग लांब होती. बेल, दूध, ओले पाय, ढकलाढकली. इथे लिंगाला हात लावून दर्शन घेता येतं. अप्पांनी हात लावला तेव्हा ते बराच वेळ उठले नाहीत आणि मागची माणसं ओरडायला लागली.

पायऱ्या उतरताना म्हणाले, "मॅडम, मन न्हाई हो कापायचं. पर तिचे डोळे जातील तर ह्या बेलाचं मी काय करू?"

युसूफ वडगावपासून मी ज्या भाषणाची तयारी करत आले होते ते तिथेच गिळलं. त्यांचं मन वळवायचं नव्हतंच. ते आधीच वळलेलं होतं. धूरच वळवायला हवा होता.

वैजनाथचं दुकान गावाबाहेर. तो पाया पडला, चहा सांगितला, कटरचे सिलिंडर दाखवले. मी दारात उभी राहून साडीवरची राख झटकत होते. समोर लांब वीजकेंद्राची उंच धुराडी दिसत होती. एकाच धुराड्यातून धूर येत होता. वर निघाला, की लगेच एका बाजूला आडवा होत होता. पूर्वेला. माळावरचं गवत लवत होतं त्याच बाजूला.

मी तशीच उभी राहिले. काल खिडकीत बसून पाहिलेलं सगळं पुन्हा डोळ्यांपुढून सरकायला लागलं. मागे वाहणारं गवत, सावल्या, वरचा घुमणारा आवाज. तो आवाज कुठून येत होता? तोंडातून. वारा समोरून येत होता आणि ते तोंड वारा गिळत होतं. त्यासाठीच तर ते केलेलं होतं!

"वैजनाथ, हा नळ कशासाठी असतो?"

"धूर..." तो म्हणाला, माझ्या चेहऱ्याकडे पाहून थांबला, आणि मग वीस-पंचवीस वर्षांपूर्वी मागच्या बाकावर बसायचा तसा ओशाळला. "हवा आत घ्यायला, मॅडम."

"अप्पा," मी वळून म्हटलं, "ते धुराडं नाही. ते तोंड आहे. धूर जायची वाट मागे होती, शेपटाच्या टोकाला. तिथे तुम्ही भिंत बांधलीत. थंडीत वारा पूर्वेचा होता, तोंडाच्या मागून. त्याने धूर ओढून नेला. आषाढात वारा फिरला, पश्चिमेचा झाला. आता तो समोरून तोंडात शिरतो, वळणावरून खाली उतरतो आणि सगळा धूर काकूंच्या डोळ्यांत घालतो."

अप्पा खुर्चीतून अर्धे उठले आणि परत बसले. "म्हंजी मी म्हादेवाच्या इमानाच्या तोंडात धूर भरत व्हतो?"

"तसंच काहीसं."

त्यांनी कानाच्या पाळ्यांना हात लावला. मग समोरच्या धुराकडे बघून म्हणाले, "ठीक हाय. भिंत पाडू. पर कटर गाडीत घ्या. चूल तिची, डोळं तिचं. ती म्हनंल तसं."

मंगळवार, पुन्हा मांजरसुंबा

भिंत पडली तेव्हा आम्ही तिघे पूर्वेच्या बाजूला, भोकासमोर उभे होतो. ही चूक कुणाच्याच लक्षात आली नाही. वाट मोकळी होताच तोंडातून शिरलेला वारा वळणावरून खाली उतरला आणि माघापासून नळात साठलेली सगळी काजळी घेऊन बाहेर आला. अप्पांचं धोतर, वैजनाथचं पोट, माझी दुसरी साडी, सगळं काळं. महादेवीकाकू दाराशी उभ्या होत्या. मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं.

मग मी हात लावला. नळाच्या आत, जिथे तो वळतो तिथे, तळहात टेकवून उभी राहिले. काजळीखाली धातू गार होता. वारा हातावरून वाहत होता. जन्मभर फळ्यावर खडूने काढत आले ते हेच, हे मनाला पटायला वेळ लागला. कुणीतरी हाक मारत होतं, मला ऐकू येत नव्हतं.

काकूंनी चूल पेटवली. धूर उठला, घुटमळला आणि टोकाच्या भोकातून निमूट पूर्वेला निघून गेला. भिंत गेल्यामुळे चुलीपुढून आता उतारावरची शेतं दिसत होती. काकू भाकरी थापता थापता बाहेर बघत होत्या. अप्पा माझ्याकडे आणि मी अप्पांकडे बघत होते, आणि वैजनाथ सिलिंडर परत जीपमध्ये चढवायला लागला होता.

"थांब," काकू म्हणाल्या. "अन् वारा पडल्यावर?"

दुपारी वारा पडलाच. पवनचक्क्या थांबल्या, गवत उभं राहिलं आणि धूर पुन्हा चुलीभोवती जमला. काकूंना खोकल्याची उबळ आली. तवा उतरवून त्या बाहेर आल्या, डोळ्यांतून पाण्याच्या धारा. कुणाकडे न बघता म्हणाल्या, "काप रे बाबा."

वैजनाथ कटर घेऊन उभा. अप्पा पाठ करून उभे. त्यांना थांबा म्हणायचा मला काय अधिकार होता? डोळे माझे नव्हते.

तरी बोलले. स्वतःशीच बोलल्यासारखी. "जमिनीवर उभ्या विमानाला वारा कोण देतं? कुणीच नाही. इंजिन आपलं आपण ओढतं. इथे नळ आहे, तोंड आहे, वाट आहे. फक्त इंजिन नाही."

वैजनाथने कटर खाली ठेवला. "इंजनच पायजे ना, मॅडम? अप्पा, तुमच्या घरी तो मोठा कूलर हाय की. श्रावणात काय करतोय तो?"

अप्पा कधी निघाले ते कळलंही नाही. जीप जेवढी कलून गेली तेवढीच कलून परत आली, मागे कूलरचा पत्र्याचा खोका. पंखा आणि मोटर काढली. उरलेलं काम माझ्या हातचं. मी खोक्याच्याच पत्र्यातून पट्टी कापायला लावली, गोल वळवली, भोकात बसणारं कडं केलं, वैजनाथने ते टाचलं. थंडीत वारा पूर्वेचा झाला की लावून घ्यायला एक पत्र्याचं झाकणही करून ठेवलं. सांधा त्याने वाकडा मारला आणि मी त्याला सगळ्यांदेखत बोलले. त्याला ते आवडलं असावं.

शेपटाच्या टोकाला, जिथे एके काळी ते आखूड, हट्टी इंजिन बसलेलं होतं, नेमका तिथे अप्पांच्या घरचा कूलरचा पंखा बसला. बटण चुलीशेजारी लावलं. ते कुणी दाबायचं, हे विचारावं लागलं नाही.

काकूंनी बटण दाबलं. पंखा कुरकुरला, मग फिरला. वरच्या तोंडातून हवा आत यायला लागली, नळात तोच घुमणारा आवाज उठला, आणि बाहेर गवताचं एक पातंही हलत नसताना चुलीचा धूर मान खाली घालून बाहेर निघून गेला. काकू पाटावर बसल्या. एक भाकरी थापली, भाजली. दुसरी थापली. पदराने डोळे पुसायला गेल्या, पुसायला काही नव्हतं, पदर तसाच खाली सोडला. तिसरी भाकरी फुगेपर्यंत आम्ही कुणी हललो नाही.

शेवटी वैजनाथनेच धीर केला. "काकू, मग? कापायचं का?"

काकूंनी कप्प्यातली कांद्याची जाळी ओढून त्याच्या पुढ्यात टाकली.

"कापायचंच आसंल तर हे काप," त्या म्हणाल्या. "रडायची पाळी आता तुजी."